अंगठा

इरय्या दोंतुल मिलमध्ये जॉबर होता.
माग कुठं अडतोय ते त्याला ऐकू यायचं,
बाकीच्यांना नुसता आवाज.
मिल गेली. भोंग्याच्या जागी आता
बाभळी आहेत आणि एक पहारेकरी.
इरय्या साखर पेठेतल्या बोळात
रात्री साडेआठनंतर माणसं चोळतो.

पॉवरलूमवरची पोरं येतात पाळी उतरून,
कानात अजून खटखट, भुवयांवर कापूस,
एक खांदा दुसऱ्याहून दोन बोटं खाली.
पितळी वाटीत करडईचं तेल, ओवा,
लसणाच्या चार पाकळ्या काळ्या पडेस्तोवर.
तो आधी पाठीवर नुसता हात ठेवतो.
बराच वेळ.
पोरगं विचारतं, मामा, सुरू कधी करणार?
तो म्हणतो, थांब, ऐकतोय.

मला म्हणाला, बायकांचं अंग मी चोळत नाही,
तुझ्या आईचंही नाही.
पण उंबऱ्यावर बस. बघ.
आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढं पसरून
उजव्यानं शिकवू लागला.

‘गाठीवर एकदम चढायचं नाही.
गाठ म्हणजे घाबरलेलं सूत. कडेकडेनं जा.
बोटांनी रेटू नको, खांद्यातनं वजन आण,
नाहीतर उद्या तूच येशील चोळून घ्यायला.
सूज असेल, ताप असेल, ताजा मार असेल
तर तेलाला हात लावू नको, दवाखाना दाखव.
आणि बरं करते असं कुणाला सांगू नको.
झोप येते. तेवढंच सांग.’

माझी आई, राजव्वा,
चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बसली आहे.
पान, तंबाखू, वळ, दोरा.
पान, तंबाखू, वळ, दोरा.
दिवसाला हजार विड्या.
मी एकदा चाळीस वर्षांचा गुणाकार मांडला
आणि उत्तर यायच्या आत खोडला.
तिचा उजवा अंगठा तिचा राहिला नव्हता.
झोपेतही तो चालायचा,
चादरीचं टोक धरून
काहीतरी वळत राहायचा.

हात दे म्हटलं तर देईना.
तंबाखू लागेल तुला, म्हणाली.
मग मे महिन्यातल्या एका रात्री लाईट गेली,
आख्ख्या पेठेतले माग एका दमात गप्प झाले,
आणि त्या शांततेत, का कोण जाणे,
तिनं हात माझ्या मांडीवर ठेवला,
उसना आणलेला डबा परत करावा तसा.

अंधारात हाताला आधी खरखर लागली.
मग मनगट, त्यातली एक दोरी,
इतकी ताणलेली की वाजेल.
मीही आधी नुसती ऐकत बसले.
बाबा गेल्यापासून हिला कोणी धरलं होतं?
रक्तदाब मोजणाऱ्या नर्सनं,
तेही पट्टा गुंडाळण्यापुरतं.

कडेकडेनं गेले. तळव्याची गादी,
अंगठ्याचं मूळ, तिथला सुपारीएवढा खडा.
ती ‘स्स’ करायची, पण हात ओढून घेत नव्हती.
थोड्या वेळानं पुटपुटली, ‘चालु.’

आमच्या घरातल्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
रस्त्यावरच्या मराठीत चालू म्हणजे थांबू नको.
जन्मभर मी ह्या दोन शब्दांत
कधी गल्लत केली नव्हती.
त्या रात्री मुद्दाम केली.

लाईट कधी आली कळलं नाही.
माग पुन्हा सुरू झाले, पंखाही.
ती तोंड उघडं टाकून झोपली होती,
आणि अंगठा चादरीवर
पडला होता तसाच,
कोणाच्याच कामाचा नसलेला.

दुसऱ्या संध्याकाळी कारखान्यातून आली ती कुरकुरतच.
‘नऊशेच झाल्या. तुझ्या तेलानं पान निसटतं.’
शंभर विड्यांचे पैसे तिनं
मला दोनदा हिशेबानं ऐकवले.
जेवलो. भांडी झाली.
मग माझ्याकडं न बघता
तिनं ओव्याची डबी
स्टोव्हजवळ सरकवली.